साखर कुणाकडची

मुलीला ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर त्यात साखर जास्त निघाली. तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. ताप गेला, पण उपाशीपोटी पुन्हा तपासलं तरी साखर वरच. लहान मुलांची साखर म्हणजे जन्मभराची इंजेक्शनं, एवढंच आम्हाला ठाऊक. तिनं नुसतं पाणी मागितलं तरी दिवसातला तो कितवा पेला, ते मी मोजायची.

घरात चर्चा मात्र एकच, ही आली कुणाकडून? आमच्याकडे पोरीचं नाक सरळ असलं तर ते वडिलांच्या घराण्याचं, आणि दात किडले तर ते आईच्या माहेरचे. सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला, "दुधनीकडनं आलंय, दुसरं काय?" कारण दुधनीला माझे वडील, आप्पा, रोज पोटात इन्सुलिन टोचून घेतात. त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आपटून घासली. हे बोलणं आप्पांच्या कानावर गेलं आणि त्यांनी सोलापूरला येणंच बंद केलं. नातीला बघितल्याशिवाय ज्याला करमत नव्हतं, तो माणूस!

डॉक्टरबाईंना मात्र वेगळीच शंका आली. पोरीचं वजन नीट वाढतंय, ती दिवसभर हुंदडतेय, आणि साखर आहे तिथंच आहे. "घरातल्या सगळ्यांची उपाशीपोटी तपासा," म्हणाल्या. माझी एकदम ठीक. नवऱ्याची थोडी जास्त. सासरे तर यायलाच तयार नव्हते. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हयात गेली, कधी गोळी खाल्ली नाही, हेच त्यांचं पालुपद. शेवटी सासूबाईंनी सकाळचा चहाच दिला नाही आणि त्यांना तसंच पुढं घातलं. त्यांची साखर जवळपास नातीएवढीच निघाली!

मग जनुकांची तपासणी झाली. पोरगी, नवरा आणि सासरे, तिघांतही एकच बदल सापडला. डॉक्टरबाईंनी समजावलं, काही घरांत घड्याळ थोडं पुढं लावलेलं असतं ना, तसं यांचं शरीर जन्मापासून साखर जरा वर ठेवतं आणि तिथंच सांभाळतं. गोळी नको, इंजेक्शन नको, पोरीला घरातलं सगळं खाऊ द्या, अधूनमधून तपासत राहा. मी तिथंच रडायला लागले. सासऱ्यांची छाती मात्र फुगली. धोका नाही म्हटल्यावर साखर लगेच त्यांच्या घराण्याची झाली. येताना रिक्षावाल्यालाही ऐकवत होते, "आमच्या रक्तातच हाय की ती!" एरवी मी सोडलं नसतं, पण इतकं हलकं वाटत होतं की हसू आलं.

घरी येऊन आधी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, तुमच्याकडनं न्हाय आलेली. सासऱ्यांकडनं आलीय."

ते त्यांना ऐकूच आलं नसावं.

"पोरीला सुई टोचायची का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"कवाच न्हाय?"

"ह्याच्यासाठी कवाच न्हाय."

आणि आप्पा ढसाढसा रडले. आई गेली तेव्हासुद्धा त्यांना असं रडताना मी ऐकलं नव्हतं. मी फोन कानाशी धरून बसले आणि त्यांना हवं तेवढं रडू दिलं.