व्यंकटरावांची खांदेमळण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे नांदेडचे शेजारी व्यंकटराव आपल्या गाडीची खांदेमळण करायचे. हदगावच्या शेतात आता ट्रॅक्टर होता, बैल उरले नव्हते. पण खांदे मळल्याशिवाय या माणसाचा पोळा होत नसे. पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला ते बैलाच्या खांद्यासारखं हळद-तूप चोळायचे आणि बैलाला म्हणतात तसं गाडीला म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." गाडी थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी, मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेली. पुरणपोळीचा तिला उपयोग नव्हता. तिच्या वाट्याची मी खायचो.

गाडी निघताना आवाज होत नसे, याचं त्यांना फार कौतुक. "कामाचं जनावर बोंबलत नसतंय," ते सांगायचे. असं सांगताना ते स्वतः बरेच बोंबलत.

मग बॅटरी थकली. गाडी सिग्नललासुद्धा घरघरू लागली. लातूरच्या मेकॅनिकने तपासून सांगितलं, "नवी टाका, न्हाईतर मोडीत काढा." त्याच सुमारास व्यंकटराव मोंढ्याच्या बाजारात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार मंद आहेत, पेसमेकर बसवा. पुन्हा पडलात तर उठाल याची खात्री नाही.

व्यंकटरावांनी गाडीचा प्रश्न मनावर घेतला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बॅटरीबद्दल विचारत. दूध घालणाऱ्याचंही मत घेऊन झालं. छातीचा विषय निघाला की मात्र म्हणत, "सत्तरी वलांडली. आता ह्या सांगाड्यात नवी बॅटरी कशाला घालायची?" काकू रडून रडून दमल्या. मलाही त्यांचा मनस्वी राग आला होता.

एका सकाळी चहाचा कप माझ्या हातात देता देता काकू त्यांना म्हणाल्या, "द्या ती गाडी मोडीत."

व्यंकटराव उसळले. "म्हातारी झाली म्हणून मोडीत? उभ्या जन्मात थकलेला बैल म्या बाजार दाखवला न्हाई!"

"मग सोताला कशापायी घालून राहिले मोडीत?"

व्यंकटरावांनी चहा संपवला. कप खाली ठेवून मला म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. आन् लातूरलाबी."

ऑपरेशन नेमकं पोळ्याच्या दिवशी ठरलं. आदल्या संध्याकाळी नर्सने त्यांच्या डाव्या खांद्याला पिवळं औषध चोळलं. व्यंकटराव मान वळवून बघत होते. "माय, आता आवतन दे की," ते म्हणाले. ती केरळची, तिला काही कळलं नाही. काकू पुढे झाल्या. त्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." शेवटचा शब्द नीट उमटला नाही.

बैल काही उत्तर देत नाही. व्यंकटराव म्हणाले, "येतो."

आणि आले. दवाखान्यात खिचडी मिळाली, तेव्हा आवतन पुरणपोळीचं होतं अशी त्यांनी डॉक्टरांकडे तक्रार केली. त्यानंतरचे पोळे त्यांनी घरीच केले. गाडी पुन्हा बिनआवाजाची झाली, व्यंकटराव नाही.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. अंत्यसंस्काराआधी डॉक्टरांनी छातीतली बॅटरी काढून घेतली. ती ठणठणीत होती.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकू हळद-तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या. पत्र्याला हात फिरवत त्यांनी आवतन दिलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी कुंपणापलीकडे होतो. मला राहवलं नाही.

"येतो, काकू," मी म्हणालो.