दहा वाती

म्हसावदच्या सकाळच्या बसमध्ये ती म्हातारी रोज माझ्या शेजारी बसायची. मी तिथल्या शाळेत शिक्षक. तिचं नाव कधी विचारलं नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत सारून, बोटांना चुलीतली राख लावून ती नडगीवर कापसाच्या वाती वळायची आणि बसमधल्या बायकांना वाटून टाकायची.

एके दिवशी तिनं माझ्याच हातात जुडी ठेवली.

"दहा शेतस भाऊ. दिनले एक."

दिवसाला एक, अशा दहा. माणूस गेलं की त्याच्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात, आणि घरी माझे वडील अंथरुणाला खिळलेले. बस पुलावर आली तशी मी जुडी खिडकीतून नदीत फेकली. तिनं पाहिलं. मग पुढची वात वळायला घेतली.

दोन दिवसांनी तिची जागा रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "आजी काल मरी गई. घरमा दिवा लावाले बी कोनी नही."

त्या संध्याकाळी मी कापूस घेऊन बसलो. आयुष्यात कधी वात वळली नव्हती. तरी दहाही एकसारख्या झाल्या, अगदी तिच्यासारख्या. पहिली वात दिव्यात घालताना माझ्या बोटांकडे लक्ष गेलं. त्यांना राख लागली होती.

आमच्या घरात चूल नाही.