उरलेल्या जागांची यादी

मला स्वस्थ बसता येत नाही. चहा उकळेपर्यंत मी डिशवॉशर रिकामा करते, तो होईपर्यंत चहा उतू जातो, मग शेगडी पुसते. नवरा म्हणतो, लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या पायाला मोटर बसवली आहे. पण लेक बारावीत गेली त्या वर्षी ती मोटर जी सुरू झाली ती दीड वर्ष काही बंद पडली नाही.

आम्ही कॅनडात, ओटावाच्या कडेला कनाटात राहतो. मी एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेल्या वेळी कुठे मोडलं होतं ते बघायचं आणि या वेळी कुठे मोडेल ते आधी सांगायचं, एवढंच माझं काम. हे काम मला चांगलं जमतं. लेकीच्या प्रवेशालाही तेच लावायचं असं मी ठरवलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

इथे विद्यापीठांचे मुख्य प्रवेश उरकले की मेच्या शेवटाला उरलेल्या जागांची यादी लागते. कुठल्या कोर्सला अजून जागा आहेत, कुठल्या भरल्या. ऑगस्टपर्यंत ती बदलत राहते. ज्यांनी वेळेवर अर्ज केला नाही किंवा ज्यांचं मन बदललं, त्यांच्यासाठी ती असते. बाकीचे पालक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला मात्र ती बघितल्यावर हर्षवायूच झाला. मागच्या तीन उन्हाळ्यांच्या याद्या मी कुठून कुठून हुडकून काढल्या आणि एक्सेलमध्ये घातल्या. जो कोर्स दर वर्षी ऑगस्टपर्यंत रिकामा राहतो त्याला हिरवा रंग, जो जूनमध्येच भरतो त्याला लाल. हिरव्याची घाई करायची नाही, लालसाठी झुंजायचं. साधा हिशोब.

गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, शाळेच्या हॉलमध्ये मी हे एका बाईला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात चार जणींचे फोन आले. त्यातल्या दोघींच्या मुलांना माझ्या सांगण्याचा फायदाही झाला. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

आता माझं हे याद्यांचं वेड कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर बाई जरा जास्तच आहे असं वाटेल. माझे बाबा बार्शीला हायस्कुलात गणित शिकवत. मी बारावी झाले तेव्हा मला इंजिनियरिंगला जायचं होतं. पुण्याच्या कॉलेजातल्या पहिल्या याद्यांमध्ये माझं नाव लागलं नाही. शेवटी उरलेल्या जागा जागेवरच वाटतात तो स्पॉट राउंड होता. मी म्हटलं, जाऊ या. बाबांनी मागच्या तीन वर्षांचे कटऑफ एका वहीत उतरवून ठेवले होते, खाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा. ते म्हणाले, "तीन वर्षांत एकदाही एवढं खाली आलेलं नाही. आकडे खोटं बोलत नाहीत. उगीच दगदग कशाला?" आम्ही गेलो नाही. त्या वर्षी कटऑफ खाली आला. माझ्यापेक्षा सहा मार्क कमी असलेली माझ्या वर्गातली मुलगी, बाबांच्याच शाळेतल्या मास्तरांची लेक, तिला जागा मिळाली. ती पेढे घेऊन आमच्या घरी आली. मी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले.

पुढे मी बीएस्सी केलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स, मग नोकरी, लग्न, कॅनडा. वाईट काही झालं नाही. पण बाबांना मी आतून माफ केलं नव्हतं. आणि मजा बघा, वही चुकीची होती असं मला कधी वाटलंच नाही. मला वाटायचं, बाबांनी वही नीट वाचली नाही. मी असते तर नीट वाचली असती.

माझ्या लेकीला माती आवडते. हे मी कौतुकाने सांगत नाही, त्या वेळी तर कपाळाला हात लावून सांगायचे. लहानपणी आम्ही कुठेही फिरायला गेलो की ही जॅमच्या बाटलीत तिथली माती भरून आणायची. बेसमेंटच्या खिडकीत अशा वीस-बावीस बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. तिला विनिपेगच्या एका विद्यापीठात मातीचा अभ्यास करायचा होता. मला तिने टोरोंटोकडे कॉम्प्युटर इंजिनियरिंग करावं असं वाटत होतं. का, ते वर सांगितलंच आहे. नवरा म्हणाला, दोन्हीकडे अर्ज करा. तसे केले, ओटावातही एक केला.

विनिपेगने मार्चमध्येच बोलावलं. लेक जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "आई, दे वॉन्ट मी," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून बघत मनात यादी उघडली. विनिपेगचा तो कोर्स हिरवा होता. तिन्ही वर्षं ऑगस्टच्या मध्यापर्यंत जागा शिल्लक. आणि टोरोंटोच्या इंजिनियरिंगला ती प्रतीक्षा यादीवर होती.

माझा बेत असा. विनिपेग कुठे पळून जात नाही. तिकडे आत्ता हो म्हटलं की इकडचं नाव कापलं जाईल, कारण एक जागा घेतली की बाकीच्यांवरचा हक्क जातो. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आमच्या वेळी महाराष्ट्रात तसं होतं, म्हणजे जगात तसंच असणार. म्हणून विनिपेगला थांबवायचं, ओटावानेही बोलावलं होतं ते सोडून द्यायचं, टोरोंटोची वाट बघायची. नाही झालं तर ऑगस्टमध्ये विनिपेग आहेच.

होकार कळवायची मुदत जूनच्या सुरुवातीला होती. त्याच्या दोन दिवस आधी लेक स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. तिने विचारलं, "शुड आय जस्ट कॉल देम? विचारते ना, दोन्ही ठेवता येतं का."

मी म्हटलं, "नको. फोन केला की नाव लक्षात राहतं. म्हणतील, ही डळमळीत आहे."

"आई, दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स."

"तुला काय माहीत? मी तीन वर्षांचा डेटा बघितलाय."

ती तव्यावरची पोळी तशीच हातात घेऊन बेसमेंटमध्ये गेली. मुदत गेली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण मी तिला लहानपणी चित्र काढून शिकवली होती, हेही सांगून टाकते.

तो उन्हाळा मी उभ्याने काढला. सकाळी ऑफिसला निघण्याआधी यादी, जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गाडीत बसून यादी, घरी आल्यावर बूट काढायच्या आधी यादी. ट्रेनच्या कामासाठी डाउनटाउनला रस्ते उकरून ठेवले होते. तिकडे मीटिंगला जाताना बस तासभर अडकायची आणि मी तेवढ्यात दहा वेळा यादीचं पान रिफ्रेश करायचे. जून गेला, विनिपेग हिरवं. जुलैचा पहिला आठवडा, हिरवं. मी नवऱ्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, मी बघतोय, तू जरा बस.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी कोर्सच्या नावापुढे 'भरला' असं आलं. मी पान तीनदा उघडलं. मग ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन त्यांच्या कार्यालयाला फोन लावला. फोनवरची बाई फार प्रेमळ होती, आणि त्यानेच जास्त लागलं. म्हणाली, यंदा लवकर भरलं, दर वर्षी असं होत नाही. मी तिला प्रतीक्षा यादीचं सांगितलं. ती म्हणाली, पण आम्हाला हो म्हणून तुम्हाला त्या यादीवरही राहता आलं असतं. ते दुसऱ्या प्रांतातलं विद्यापीठ आहे, आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

मी थँक यू म्हटलं. हात धुतले. हात धुवायचं काही कारण नव्हतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं, विनिपेग भरलं. तिने मान हलवली. दुसरं वाक्य, त्या बाईचं, माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये टोरोंटोनेही नाही कळवलं. तिच्या मैत्रिणी गाद्या, दिवे आणि छोटे फ्रिज गाड्यांत घालून गावोगाव गेल्या आणि माझी पोर घरी राहिली. कनाटाच्या बाहेर एका रोपवाटिकेत तिने काम धरलं. संध्याकाळी यायची ती नखांत माती घेऊन. मला वाटायचं, ती नखं मला दाखवायलाच धुवत नाही. तसं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा एक्सेल उघडली. आता चार वर्षांचा डेटा झाला होता, त्यात एक वर्ष आमचं. विनिपेगचा रंग काय ठेवावा ते मला ठरवता येईना. हिरवा करायचे, पुसायचे, पिवळा करायचे. लेक अर्ज कधी भरते म्हणून मी तिच्या दारावरून दिवसातून सहा वेळा जायचे, धुतलेले कपडे घेऊन, रिकामी बादली घेऊन, काहीच न घेता.

बाबांना मी दर रविवारी सकाळी फोन करते. तिकडे संध्याकाळ असते, त्यांचं फिरणं झालेलं असतं. त्यांना सगळं कळलं होतं, दुसरं वाक्य सोडून. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी विचारलं, "पोरगी बोलते का तुझ्याशी?"

मी म्हटलं, "बोलते. कामापुरतं." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना ते दुसरं वाक्य सांगितलं. दोन्हीकडे हो म्हणता आलं असतं. तिने विचारून घेऊ का म्हटलं होतं आणि मी नको म्हटलं. हे तिला ठाऊक नाही.

बाबा मग म्हणाले, "मास्तर आदल्या दिवशी शाळेत आले होते माझ्याकडे."

"कोण मास्तर?"

"पेढेवाल्या पोरीचे वडील. म्हणाले, सर, उद्या जीप करून पुण्याला निघालोय, तुमच्या लेकीला घेऊन चला, दोघांना जागा आहे. माझ्या कानावर आलंय, जागा पुष्कळ उरल्यात. मी म्हटलं, माझ्या वहीत तसं दिसत नाही." खोकला आला त्यांना. पाणी प्यायल्याचा आवाज ऐकू आला. "तुला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तू कॅनडाला गेलीस."

मला राग यायला हवा होता. सत्तावीस वर्षं जपून ठेवलेला राग, वापरायची वेळ आली आणि हाताला लागेना. मी एवढंच म्हटलं, "बाबा, सांगायचं होतं हो."

"हो ना," ते म्हणाले. "तू वेळ लावू नकोस."

फोन ठेवला आणि सरळ बेसमेंटमध्ये गेले. लेक सोफ्यावर मांडी घालून लॅपटॉप घेऊन बसली होती. खिडकीत तिच्या बाटल्या. मी बसले नाही, बसले असते तर उठून काहीतरी कामाला लागले असते. उभ्या उभ्याच सांगितलं. विनिपेगला हो म्हणून टोरोंटोच्या यादीवर राहता आलं असतं. तू विचारणार होतीस. मी विचारू दिलं नाही. मला जुलैमध्येच कळलं होतं आणि मी तुझ्यापासून लपवलं.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आय नो."

"काय?"

"जूनमध्येच माहीत होतं. त्यांच्या वेबसाइटवर आहे. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस? मला ओरडायचं तरी."

"तू इतकी शुअर होतीस," ती म्हणाली. "मग विनिपेग भरलं, अँड देन आय वॉज जस्ट वेटिंग. तू सांगतेस का, ते बघत होते."

जुलै ते नोव्हेंबर. मी मनात महिने मोजले आणि मला त्या पोरीच्या समोर उभं राहवेना. सॉरी म्हटलं. मराठीत आईने मुलीला सॉरी म्हणायला वेगळा शब्द आमच्या घरात तरी नव्हता. ती 'ओके' म्हणाली. खोटं खोटं नाही, खरं, पण लहान 'ओके'. मग तिने लॅपटॉप जरासा माझ्यापासून वळवून घेतला आणि टाइप करू लागली. अर्जच भरत होती, वरची निळी पट्टी मला ओळखू आली. कुठे कुठे करतेस, हा प्रश्न माझ्या घशापर्यंत आला. मी जिना चढून वर गेले आणि एक्सेलची फाइल पुसून टाकली. ती ऑफिसच्या सर्व्हरवरही होती, सोमवारी तिथलीही पुसली.

हिवाळा सरत आला होता. एका शनिवारी मी दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होते, निसरडं होऊ नये म्हणून नवरा मीठ टाकत होता. तो सहज म्हणाला, "विनिपेगला इथल्यापेक्षा जास्त थंडी असते ना? तिला नवीन बूट लागतील."

मी फावडं थांबवलं. "बोलावणं आलं?"

"आलं काय, तिने हो पण म्हटलं. बुधवारी."

त्या दिवशी शनिवार होता. मी पुन्हा बर्फ ओढायला लागले.