मालतीताईंनी शाळेत आणलेली हलगी

शिक्षक बंधू-भगिनींनो, पालकहो, आपल्या सगळ्यांचं एक दुखणं आहे. स्नेहसंमेलनात गाणं लागतं, मुलं सिनेमातल्यासारखी नाचतात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जाताना हळहळतो, की यांना आपल्या गावचं एकही वाद्य ओळखता येत नाही. हळहळणारे आपण पुष्कळ. मालतीताईंनी काम केलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पेठ वडगावच्या शाळेत इतिहास शिकवायला रुजू झालो, तेव्हा संगीताच्या या बाई मैदानात काटक्या गोळा करत होत्या. हलगी वाजवण्याआधी तिचं कातडं जाळावर शेकावं लागतं. ती धरून बसले होते आमचे मुख्याध्यापक, घामाघूम. आणि वादक रामूतात्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. कलावंत हा पाहुणा, शेकायचं काम शाळेचं, हा ताईंचा नियम. ज्या तात्यांना गावानं जन्मभर पायरीखाली उभं केलं, त्यांना मुलं ‘सर’ म्हणत होती. जेवायला ते शिक्षकांच्या खोलीत, ताईंच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून मी ताईंचा शिष्य.

पुढं धनगरी ढोल आला, वासुदेव आले, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या आल्या. सारं सरळ चाललं असं मात्र नाही.

आमच्या बौद्ध वस्तीतले शंकरराव साखर कारखान्यात फिटर. त्यांची सुजाता सातवीत. तिला हलगी शिकायची होती, हे कळताच ते शाळेत आले.

“बाई, माझ्या बापानं हलगी टाकली म्हणून मी माणसात आलो. तीच परत माझ्या पोरीच्या गळ्यात अडकवताय व्हय?”

त्यांचा राग मला समजत होता. माझ्याही वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर हलगी वाजवण्यासारखी गावकीची कामं सोडली होती. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांच्या मनाविरुद्ध सुजाताच्या हाती हलगी जाणार नव्हती.

“आणि पाटलाच्या पोराच्या गळ्यात कवा घालताय?” शंकररावांनी टोमणा मारला.

“शनिवारी. बघायला या की.”

शंकरराव आले, हाताची घडी घालून मागं उभे राहिले. पाटलांच्या मुलानं हलगी शेकली, तात्यांच्या पाया पडला आणि धडपडत वाजवू लागला. ठेका चुकला की पोरं हसत, तोही हसे. सुजाता मात्र मान वळवून वडिलांकडे बघत राहिली. ताईंनी तिला आग्रह केला नाही. शेवटी शंकररावच पुढं आले.

“सुजा, कुणी बोलावलं म्हणून वाजवायची न्हाय. तुला वाटतंय तर वाजव.”

ती उठली. तिच्या पहिल्या थापेला ताईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

ताईंनी आता साठी गाठली आहे. त्यांचा आवाज असाच खणखणीत आणि पाय असेच भिरभिरते राहोत. आमच्या नातवंडांनाही त्या लाभोत. आणि तुम्हाला माझं एकच सांगणं: याच आठवड्यात आपल्या गावातल्या एका लोककलावंताच्या घरी स्वतः जा, आणि त्यांना मानानं तुमच्या शाळेत घेऊन या.