परत परत भरणाऱ्या वाट्या

पुण्याला मी एकच गोष्ट सांगायला गेले होते, जाऊ नको. देवळीहून वर्ध्याला, वर्ध्याहून गाडीत, सगळा रस्ता मी तेवढंच तोंडात घोळवत होते. लेक तिथे एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. तिला तीन वर्षांसाठी कोरियाला पाठवणार होते आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तू हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं फोनवर सांगून तिनं सगळा भार माझ्याच डोक्यावर टाकला होता. ठीक आहे, म्हटलं, नाही म्हणायला असा किती वेळ लागतो.

पण बाईसाहेबांनी माझी आंघोळ झाल्याबरोबर मला जेवायला बाहेर काढलं. वीस-पंचवीस वर्षं जुनं कोरियन हॉटेल आहे म्हणे, तिच्या कंपनीतले सगळे तिथेच जेवतात. आमच्या घरात मांसमासळी चालत नाही. तिथे मी काय खाणार होते, माझं कपाळ? तर ते तिनं आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. चपला काढून खाली बसायचं आणि टेबल इतकं बुटकं की माझे गुडघे त्याच्यावर आपटत होते. जेवायला स्टीलच्या दोन काड्या. त्या मी बाजूला सारल्या आणि चमचा ओढला.

मालकीण सत्तरीची कोरियन बाई. तिनं भात यायच्या आधीच सहा वाट्या मांडल्या. तीळ लावलेला पालक, मुळा, काकडी, बटाटा, लाल तिखटातली आंबवलेली पत्ताकोबी आणि मोड आलेलं सोयाबीन. आमच्याकडे सोयाबीन पोत्यानं बाजारात जातं, पण त्याच्या मोडाची भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू.

माझ्या घरी नियम आहे, वाढलेलं टाकायचं नाही. लेक लहान असताना ताटात शीत राहिलं तरी मी तिला उठू देत नसे. म्हणून ठरवलं, आधी या वाट्या संपवू आणि मग बोलू. संपवल्या. पाणी प्याले, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि ती बाई हजर! सहाही वाट्या पुन्हा भरल्या. मी पुन्हा संपवल्या, तिनं पुन्हा भरल्या. आता पोटात जागा नव्हती आणि बोलायचं तसंच राहिलं होतं. आपल्याकडे ताटावर हात आडवा धरला की वाढणारा थांबतो. मी वाटीवर हात धरला, तर तिनं तो हात थोपटला आणि शेजारी दुसरी वाटी ठेवली. असा संताप आला म्हणून सांगू.

मग त्या दोघी कोरियन भाषेत बोलत बसल्या. लेक खळखळून हसत होती, म्हातारी तिच्या गालाला हात लावत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माझीच पोर, आणि मी पाहुणीसारखी बघत बसले होते. त्या म्हातारीचा मला हेवा वाटला, सरळ सांगते. ती गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती?

"इचारून राह्यली, तुह्यी आई सकाळपासून उपाशी हाय काय?"

"मंग तू काऊन नाई सांगत तिले, बस म्हणून?"

"सांगतलं ना, आई. तिले वाटते तू लाजून राह्यली. रिकामी वाटी म्हणजे अजून भूक हाय, असं समजते ते. थोडं राहू दे वाटीत, मंग थांबन."

राहू दे म्हणणं सोपं आहे. मी चिडून तिला म्हणणार होते की तू तरी खा, निम्मं तुझ्या पोटात गेलं असतं. तेव्हा माझं तिच्या काड्यांकडे लक्ष गेलं. त्या कोरड्या होत्या. इतक्या वेळात तिनं एक घास तोंडात घातला नव्हता. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, मी काय म्हणते म्हणून.

मी मुळ्याच्या वाटीत एक फोड राहू दिली आणि चमचा खाली ठेवला. जिवावर आलं. देवळीपासून घोळवलेलं वाक्य मी त्या सोयाबीनबरोबर गिळलं.

"सोमवारी हो सांगजो," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले, माझी वाटी जवळ ओढली आणि ती मुळ्याची फोड बोटांनी उचलून खाल्ली. माझ्याच हाताखाली वाढलेली पोर, वाटीत काही राहू देईल कशी. मालकिणीला लांबूनच रिकामी वाटी दिसली आणि ती मुळा घेऊन निघाली.