कामाक्षीच्या भावाचा आवाज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. लेकीजवळ नाही, आणि आमच्या ह्यांच्याजवळ तर नाहीच — ते बिचारे बायको भोळी आहे असं समजूनच गेले.

आज बघाल तर नातवंडांच्या टोप्या विणणारी आजी. पण दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला, लेकीकडे परदेशात, मिल्टनला राहायला आले तेव्हा, साठीची ही बाई इंटरनेटवर पंचवीस वर्षांचा ‘मद्रासचा वाघ’ होती! हसा, हसा. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपण मद्रासला गेलं, तमिळ पक्कं. शेजारच्या कामाक्षीच्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघी तमिळमध्ये डब केलेले सुपरहिरोंचे सिनेमे बघायचो. मग मी घरी येऊन चाहत्यांच्या साइटवर वाघ व्हायची. ते तिला ठाऊक नव्हतं.

आमच्या आवडत्या सिनेमाच्या तिसऱ्या भागात हिरोचा आवाज बदलला. साइटवर नुसता आकांत — आमचा हिरो मेला, जुना आवाज परत आणा! मीही लिहिलं, “हा जग वाचवायला आलाय की रेशनच्या रांगेत नंबर विचारायला?” लोक लोळले हसून. मग मी रोजच लिहू लागले.

आवाज वाईट होता का? छे हो. बापाच्या मरणाच्या प्रसंगात मीच डोळे पुसत होते.

आणि — हे सांगायलाच इतके आढेवेढे घेतेय — तो आवाज कुणाचा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कामाक्षीच्या धाकट्या भावाचा, चेन्नईतल्या मुरलीचा. वर्षानुवर्षं गर्दीतले आवाज काढल्यावर त्याला पहिला हिरो मिळाला, म्हणून तिनं मला पायसम, म्हणजे त्यांच्याकडची खीर, आणून दिलं होतं. ते खाऊन मी लिहिलं. का? लोक हसत होते. दुसरं काही नाही.

एक दिवस ती प्रिंटआउट घेऊन आली. “अक्का, तू छान लिहितेस. ह्या मेल्या वाघाला उत्तर दे ना! मुरली रोज वाचत बसतो गं.”

दिलं. तिच्या नावानं, तिच्यासमोर, झकास उत्तर लिहिलं. आणि ती गेल्यावर वाघ होऊन त्याच उत्तराच्या चिंध्या केल्या. कुठे कच्चं आहे ते मलाच ठाऊक ना! त्या दिवशी इतकी वाहवा झाली — आणि मला, काय सांगू, आनंद झाला.

पुढच्या भागात पुन्हा नवा आवाज आला. हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना कामाक्षीनं सांगितलं, मुरलीला बोलावलं होतं. पण माइकसमोर उभं राहिलं की त्याला तो वाघ आठवायचा, तोंडातून शब्द फुटेना. त्यानं ते काम कायमचं सोडलं.

“तू एकटी त्याच्या बाजूनं उभी राहिलीस, अक्का,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, त्यात काय एवढं.”