तीन मजली केक आणि दुसरा गिअर

गल्लीतले लहानथोर त्यांना केकवाल्या काकू म्हणत. घराच्या मागच्या खोलीत दोन ओव्हन, एक लांबलचक ओटा आणि भिंतीवर टांगलेले साचे, एवढाच काकूंचा कारखाना. केक काकूंनी करायचे आणि काकांनी पोचवायचे, अशी वाटणी होती. काकांनी उभा जन्म कंपनीची बस चालवली होती. त्यांच्या गाडीत केकवरचं साखरेचं फूलसुद्धा हलत नसे. मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी पाट्या वाचता येईनात, पुढे माणसं सावल्यांसारखी दिसू लागली, आणि एका सकाळी त्यांनी गाडीची किल्ली काकूंच्या हातात ठेवली.

पन्नाशी उलटल्यावर काकू गाडी शिकल्या. परवाना मिळाला, पण घरच्या जुन्या गाडीशी काही त्यांचं सूत जुळेना. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकायला जावं तर खर्रकन असा आवाज, की गॅलऱ्यांतली माणसं वाकून बघायची. पाठोपाठ हिसका ठरलेला. पहिल्याच मोठ्या ऑर्डरला केकचा वरचा मजला घसरून कुशीवर झाला. घेणाऱ्या बाई भल्या होत्या, चवीत काय फरक पडतोय म्हणाल्या. काकूंना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मेकॅनिकने एकदा आवाज ऐकून गिअरबॉक्स उतरवायला लागेल असं सांगून टाकलं. मुलीने सुचवलं, आई, ड्रायव्हर ठेव, नाहीतर छोटेच केक घे. काकूंनी दोन्ही गोष्टी उडवून लावल्या आणि त्याच आठवड्यात तीन मजली केकची ऑर्डर घेतली. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. हॉल टेकडीवर, रस्ता सगळा चढाचा आणि वळणांचा. मुलीने कपाळाला हात लावला.

काका शेजारी बसत, पण शिकवत नसत. गिअर खरवडला की दातांतून नुसतं "स्स्" करत. एक दिवस काकूंनी गाडी कडेला घेतली.

"अहो, एक तर सांगा, नाहीतर गप्प बसा. तुमच्या त्या स्स् मधून मला काही कळत नाही."

काका ओशाळले. बायको आपल्या जागेवर बसली हे मनाला लागलं होतं, असं त्यांनी हळूच कबूल केलं. मग त्यांनी इंजिन बंद करून गिअर टाकायला सांगितले. सगळे लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केलं, पुन्हा खर्र.

"अगं, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच पूर्ण दाबला जात नाहीये."

"तळापर्यंत दाबलाय मी."

"कशाच्या तळापर्यंत?"

काकू खाली उतरल्या, दारातून वाकून आत बघितलं आणि हसायलाच लागल्या. मैद्याने गाडी खराब होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच जाड रबरी मॅट घातली होती. ती पुढे सरकून पेडलखाली गोळा झाली होती. त्यांनी ती ओढून थेट मागच्या डिकीत फेकली. खर्र तिथल्या तिथे संपलं.

हिसका मात्र गेला नाही. तो पायात होता. मग रिकाम्या मैदानात सराव सुरू झाला, मागच्या सीटवर काठोकाठ पाण्याने भरलेली परात ठेवून. पहिल्या दिवशी सीट न्हाली, काकांची पाठही न्हाली. काका सांगत, गिअर ढकलू नकोस, मधे जरा दम घेऊ दे. क्लच पकडायला लागला की पाय तिथेच थोपव. हे ऐकताना काकूंना एकदम उमगलं. फेटलेल्या लोणी-साखरेत मैदा मिसळतानाही, मिश्रण धरू लागलं की त्या नेमका असाच हात हलका करत. त्यांनी पायाला तेच करायला लावलं. परातीतलं पाणी नुसतं थरथरलं.

ऑर्डरच्या दिवशी मुलगी मागे केकचा खोका धरून बसली होती. चढावरच्या अवघड वळणावर पुढचा ट्रक अचानक मंदावला. काकूंचे हातपाय आपणहून कामाला लागले. वळण गेलं, गाडी चढतच राहिली.

"दुसरा टाक आता," काका म्हणाले.

"केव्हाच टाकला."

काकांनी इंजिनाकडे कान दिला. गाडीच्या आवाजावरून तिची तब्येत ओळखणाऱ्या त्या माणसाला गिअर पडलेला कळलाच नव्हता. ते म्हणाले, "माझ्या बसवर घेतलं असतं तुला."

हॉलमध्ये खोका उघडला तेव्हा केक ओट्यावर होता तसाच ताठ उभा होता, आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या जोडप्यासाठी होत्या की केकसाठी, हे काकूंनी विचारलं नाही. आपला वाटा मनातल्या मनात घेऊन टाकला. घरी परतताना त्यांनी टेकडीला वळसा घालणारा लांबचा रस्ता धरला. काकांनी काच खाली केली आणि ते मान मागे टेकवून वारा खात बसले.